तीन वाटांचा दिनू

दिनू गेल्याची बातमी मला तीनदा आली. आधी धुळ्याहून त्याच्या मुलाचा फोन. थोड्या वेळाने एसटीचा कंडक्टर स्टँडवरून तोच निरोप घेऊन घरी आला. मी पिशवी भरून निघणार, तोच तारवाला दारात! रडता रडता मला हसू फुटलं. माझी बायको शैला म्हणाली, "अहो, हे भाऊजींनीच सांगून ठेवलं असणार." आणि निघालंही तसंच. आजारपणात त्याने मुलाला बजावलं होतं म्हणे, "अमळनेरला एकाच वाटेने कळवू नकोस. माझा एका वाटेवर विश्वास नाही."

दिनू माझा शाळेपासूनचा दोस्त, धुळ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. ऐंशीच्या सुमारास परगावी फोन करायचा म्हणजे ट्रंक कॉल लावायचा नि देवाचं नाव घेत बसायचं. वारा सुटला, तार तुटली, की पलीकडचं गाव गेलंच! पण दिनू कसला ऐकतोय? सरळ लागत नाही, तर दोंडाईचावरून घे, तिथूनही नाही तर नंदुरबारवरून. मधल्या ऑपरेटरांना कुणाला अक्का, कुणाला नाना करत, लाडीगोडी लावत, प्रसंगी कचाकचा भांडत तो आवाज पोचवायचाच. शाळेतही हा बडबड्या असाच होता...

माझं लग्न त्याच्यामुळेच झालं. पिंपळनेरला शैलाला पाहून आलो होतो. मला मुलगी पसंत, पण माझे वडील, आमचे नाना, काही केल्या हो म्हणेनात. शैलाच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, स्पष्ट सांगितलं होतं, रविवारी दुसरं स्थळ येतंय, त्याआधी कळवा. नाना हो म्हणाले ते नेमके रविवारी सकाळी! मी धावत जाऊन ट्रंक कॉल लावला, तर धुळ्याहून दिनूच बोलला. "अरे, पिंपळनेरला जाणारी साक्रीकडची लाइन वादळात झोपलीय." मी ओरडलो, "मग रे?" "मग काय? तू फोन ठेव आणि नवरदेवासारखा बस."

पठ्ठ्याने काय करावं? नंदुरबारवरून फिरवून आबांच्या शेजारच्या दुकानात फोन लावला. पिंपळनेरच्या एसटीच्या कंडक्टरला निरोप दिला. आणि तिकडेच निघालेल्या टेम्पोवाल्यालाही सांगून ठेवलं. फोनवरचा निरोप दुकानदाराने पोचवला, पण आबा म्हणाले, "फोनवरचं काय खरं?" पाहुणे आले, पोह्यांच्या बशा फिरल्या, शैला आत डोळे पुसत साडी नेसू लागली. तेवढ्यात एसटी थेट दारासमोर थांबली आणि कंडक्टरने खिडकीतून आरोळी ठोकली, "आबा, अमळनेरवाल्यांचा होकार!" अख्खी बस टाळ्या वाजवत होती. दोन वाटांनी एकच निरोप आल्यावर आबांना पटलं. पाहुणेही दिलदार, पोहे संपवून अभिनंदन करून गेले. मागाहून टेम्पोवाला आला, तर सगळं आधीच कळलेल्या आबांनी हात जोडले, "बठ्ठं समजनं रे भाऊ! पोऱ्या भलताच उतावळा शे!" हे उतावळेपण शैला मला आजही ऐकवते.

पुढे शैला माहेरी गेली की मला तीनदा कळायचं. तिचा फोन यायचा, परतणाऱ्या एसटीतून निरोप यायचा, आणि मग पिंपळनेरला चौकशी करून दिनूचा फोन, "वहिनी पोचल्या रे!" मी वैतागून म्हणायचो, "अरे बाबा, कळलं!" तो खो खो हसायचा. "ठाऊक आहे. तिसरी वाट चालू आहे का ते बघत होतो."

आमची शेवटची भेट दिवाळीतली. माझ्या साडूने नवाकोरा मोबाइल आणला होता आणि रेंजसाठी आम्ही सगळे गच्चीवर चढलो होतो. दिनूने तो हातात घेऊन उलटापालटा केला. "एक टॉवर बंद पडला तर दुसऱ्यावरून जातं का?" साडू म्हणाला, कधी कधी जातं. "मग ठीक आहे," दिनू खूश झाला, "पोरं सुधारली म्हणायची."

मागच्या आठवड्यात शैला पिंपळनेरला गेली, दिनू गेल्यानंतर पहिल्यांदाच. दुपारी तिचा फोन आला. संध्याकाळी कंडक्टर सांगून गेला. झालं, कळायचं ते कळलं होतं. तरी मी वेड्यासारखा फोनजवळ बसून राहिलो. फार आठवण येत होती त्याची... आणि फोन वाजला. दिनूची बायको, सुमनवहिनी.

"भाऊजी, शैला पोचली बरं का."

"कळलं होतं हो वहिनी," मी कसाबसा म्हणालो.

"ठाऊक आहे," त्या हसल्या. "तिसरी वाट चालू आहे का ते बघत होते."