पुढे दोनशे पंचवीस, मागे दोनशे पंचेचाळीस

धुळ्यात पारोळा रोडला माझं बॅटरीचं दुकान आहे आणि भिंतीला भिंत लागून नासीरचं टायरचं. एकवीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत त्याच्या दारात ट्रॅक्टर आले, पिकअप आल्या, केळीचे ट्रक आले, एकदा तर रोडरोलरवाला पत्ता विचारायला आला. स्पोर्ट्स कार तेवढी कधी आली नाही. तरी हा पठ्ठ्या तिच्यासाठी टायर निवडत बसायचा.

खोटं नाही सांगत, भो. वैशाखातली दुपार, डांबर चपलेला चिकटतंय, गिऱ्हाईक औषधालाही नाही, अशा वेळी नासीर एक निळी वही काढायचा. आधी जुन्या मासिकांतून, पुढे मोबाईलमधून, जगातली एकेक गाडी शोधायची आणि तिला कुठला टायर शोभेल ते लिहायचं. पुढच्या चाकाला हा आकार, मागच्याला हा, कंपनी ही, हवा इतकी. मग पेन कानावर ठेवून रस्त्याकडे बघत राहायचा. लांब फागणे गावाच्या बाजूला रस्त्यावर उन्हाचं पाणी हलत असतं. त्यातून ती गाडी येताना त्याला दिसत असावी. डबा घेऊन आलेली त्याची बायको, साबेराभाभी, मला म्हणायची, भाऊ, हाक मारू नका, आत्ता हे इटलीत आहेत.

मी त्याला चिडवायचो. म्हणायचो, आधी स्वतः गाडी चालव, मग इटलीच्या गप्पा मार. कारण हा टायरवाला दुकानावर सायकलने यायचा. एके काळी तो अमळनेर लाईनला जीप चालवायचा, अपघातात धाकटा भाऊ हसीब गेला आणि तेव्हापासून त्यानं स्टिअरिंगला हात लावला नाही, एवढं मला माहीत होतं. त्यावर तो बोलत नसे. मी तोंडाचा फटकळ आहे, पण तेवढं मी कधी उकरून काढलं नाही.

यंदा आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, पाच दिवस आधी, भर दुपारी, एक लाल गाडी लंगडत त्याच्या दारात आली. दोन दारं, दोन सीटा, अंग जमिनीला टेकलेलं. मागचं चाक बसलं होतं. नासीर उठला, पण जवळ गेला नाही. लांबूनच त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली. मला वाटलं, आता हा रडतो.

गाडीतून उतरला तो स्वप्नील, मूळचा जामनेरचा, नोकरी पुण्यात. गाडी जुनीच, सुरतेहून नुकतीच घेतलेली. आखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी येतात आणि भाऊ त्यांना आणायला जातो. त्याची बहीण पुनम अमळनेरला दिलेली. ती नऊ वर्षांची असताना यानं तिला शब्द दिला होता, की तुला आणायला मी लाल गाडी घेऊन येईन. तेव्हा पंक्चर काढा, चाचा, मला घाई आहे, असं म्हणाला.

नासीर उकिडवा बसला आणि टायरच्या कडेवरची अक्षरं बोटानं वाचत गेला. चारही टायर सहज आठ वर्षांपूर्वीचे निघाले, १४१७, म्हणजे सतरा सालचा चौदावा आठवडा. स्वप्नीलला पटेना. नक्षी तर नव्यासारखी आहे म्हणाला. नासीर म्हणाला, नक्षी राहिली, जीव गेला. रबर दगड झालंय, कडेला बारीक भेगा बघ. शिवाय आधीच्या मालकानं चारही चाकांना एकच आकार घातलाय. असं म्हणून त्यानं निळी वही आणली, पानं उलटली आणि एक पान पुढे धरलं. तीच गाडी होती. रुंदी पुढे २२५, मागे २४५. स्वप्नीलनं दार उघडून आतल्या पट्टीवर कंपनीनं छापलेले आकडे पाहिले आणि दोनदा वहीकडे पाहिलं. मीही पाहिलं. वहीतली शाई जुनी होती.

तरी पोरगं हट्टी. त्याला चारही टायर अजून रुंद हवे होते, फोटोत दिसतात तसे, आणि कंपनी इंटरनेटवर वाचलेली. नासीरनं समजावलं, की नुसता रुंद टायर घातला तर वळणावर तो आतल्या पत्र्याला घासेल. मागचं चाक जोर लावतं म्हणून ते रुंद, पुढचं वाट काढतं म्हणून अरुंद. ज्याचं काम जसं, त्याचं पाऊल तसं. आणि कंपनी कुठलीही चांगली घे, पण चारही एकाच घरचे, एकाच नक्षीचे, ताज्या तारखेचे. स्वप्नील म्हणाला, हायवेला अजून तीन दुकानं आहेत. मी मनात कपाळाला हात लावला. आयुष्यभर जिची वाट पाहिली ती दारात आली आणि हा तिला परत लावतोय! पण नासीर शांतपणे म्हणाला, मग ढकलत ने, या टायरांत हवा मी भरणार नाही.

पोरगं दारातल्या पट्टीवरचे आकडे पुन्हा एकदा पाहून आलं. मग किल्ली काउंटरवर ठेवली आणि एसटीनं जामनेरला गेलं.

पुढचे चार दिवस नासीर जमिनीवर नव्हताच. नाशिकला फोन लावून लावून त्यानं माणसं बेजार केली. मिशेलिनचा पुढचा आकार मिळत होता, मागचा नव्हता. योकोहामाचे दोन्ही मिळाले, एकाच नक्षीचे, गेल्याच हिवाळ्यात बनलेले. ते ट्रान्सपोर्टनं येईपर्यंत तो त्या गाडीशेजारी स्टूल टाकून बसायचा, जेवायचाही तिथंच. एका दुपारी तर तिच्याकडे बघता बघता त्याचा डोळा लागला आणि झोपेत हसत होता. मी उठवलं नाही.

आखाजीच्या आदल्या दिवशी टायर चढले. हवा मोजून भरली, आम्ही दोघांनी गाडी ढकलून बाहेर ठेवली आणि नासीर दुपारच्या नमाजला गेला. तेवढ्यात स्वप्नील आला. गाडी उन्हात उभी. मी टायरला हात लावला तर चांगलाच गरम लागला. आता उन्हाळ्यात हवा फुगते, म्हणून थोडी सोडून द्यायची, हे बठ्ठा खान्देश जाणतो. ट्रकवाले सोडतात, जीपवाले सोडतात, माझा बाप बैलगाडी सोडून सगळ्याची सोडायचा. मी मोठ्या शहाणपणानं चारही चाकांची हवा पाच-सहा पॉइंट उतरवली आणि स्वप्नीलला म्हणालो, आता बिनघोर जा.

नासीर आला. सवयीप्रमाणे उलटा हात टायरला लावला, मग मीटर लावला. दुसऱ्या चाकाला लावला. माझ्याकडे पाहिलं.

"हवा कोणी सोडली?"

मी म्हणालो, मी सोडली, ऊन बघ ना केवढं आहे. मला वाटलं, आता शिव्या घालेल. तो खालीच बसला, चाकाला टेकून.

"त्या दिवशीही अशीच सोडली होती, पितांबर. मीच."

मग एकवीस वर्षांत जे बोलला नाही ते बोलला. आखाजीचीच गर्दी होती. जीप माहेरी निघालेल्या बायकांनी भरलेली, शेजारी हसीब. पारोळ्याला थांबले तेव्हा टायर तापलेले, म्हणून सगळे करतात तसं यानं केलं. हवा कमी झाली की टायर जास्त दबतो, दबला की मळला जातो, मळला की अजून तापतो. हे त्याला नंतर कळलं. अमळनेरच्या अलीकडे टायर फुटला. बायका वाचल्या, हसीब नाही.

"लोक म्हणाले, टायर खराब होता," तो म्हणाला. "टायर चांगला होता."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. नासीरनं मात्र उठून पाइप ओढला आणि एकेका चाकात हवा पुन्हा पूर्ण केली. मग स्वप्नीलनं किल्ली पुढे केली आणि म्हणाला, आधी तुम्ही फागण्यापर्यंत चालवून आणा, चाचा. नासीर नको म्हणाला. तीनदा म्हणाला.

"तुम्हीच बसणार नसाल, तर मी माझ्या बहिणीला कसं बसवू?"

नासीरनं हात पॅन्टला पुसले आणि किल्ली घेतली. मी दुसऱ्या सीटवर बसलो, कारण मला त्याला एकटं सोडवेना.

ती गाडी म्हणे अडीचशेनं पळते. आम्ही वीसनं निघालो. रस्त्यावरचं उन्हाचं पाणी पुढे पुढे सरकत होतं आणि आम्ही त्याच्या मागे. खाली टायरांचा एकसारखा, मऊ आवाज. नासीरचे ओठ हलत होते. मागून कडब्यानं भरलेला ट्रॅक्टर आला, त्यानं हॉर्न दिला आणि आम्हाला मागे टाकून गेला, ड्रायव्हर वळून वळून हसत होता. एरवी मी यावर महिनाभर चिडवलं असतं. त्या वेळी मी फक्त नासीरच्या हातांकडे बघत होतो. आधी त्यांनी स्टिअरिंग आवळून धरलं होतं, मग पकड सैल झाली.

फागण्याला निंबाखाली त्यानं गाडी थांबवली, उतरला आणि चारही टायरांना उलटा हात लावून आला. शेवटच्या चाकापाशी बसला. मग मला म्हणाला, हात लाव. मी लावला. टायर तापला होता, पण हात ठेवता येत होता.

"एवढाच तापायचा असतो तो," नासीर म्हणाला.

मी त्याच्या शेजारी मातीत बसलो आणि म्हणालो, चल, पोरगं वाट बघतंय, त्याला बहिणीला आणायचंय. येतानाही गाडी त्यानंच चालवली.