हातातली मासोळी

विद्यापीठाच्या नाट्यविभागात शिकत असताना आमच्या नाटकाचा एक प्रयोग सानगडीला होता. आधीचे तीन दिवस तिथल्या शाळेच्या सभागृहात तालीम चालली. मासे विकून परतणारी एक बाई रोज दुपारी दाराशी टोपली ठेवायची आणि चौकटीला टेकून आमची तालीम बघायची. नवरा तळ्यात बुडाल्याचं कळताच मी हंबरडा फोडून कोसळते, असा माझा प्रवेश होता.

तिसऱ्या दिवशी तिने मला हाताने जवळ बोलावलं.

"पोरी, इतकी काहून रडून राहिली?"

"नवरा बुडाला ना तिचा, मावशी."

"माहाबी बुडाला. लोक सांगाले आले, तवा मी मासोळी साफ करून राहिली होती. हातातली पुरी साफ केली, मंगच उठली." ती आपल्या बोटांकडे पाहत राहिली. "काहून, ते मले आजबी नाही समजलं."

प्रयोगात मी रडले नाही. विळीवर मासोळी साफ करत राहिले. पुढच्या सतरंजीवर बसलेल्या त्या बाईने पदर तोंडावर ओढला, तो पडदा पडेपर्यंत काढला नाही.

लोक टाळ्या वाजवत होते. तिचं दुःख मी तिला न विचारताच उचललं होतं, हे तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं.