जावेची सरपंचकी

नर्मदाबाईचं पोट दुखायचं, पण ते दवाखान्याच्या गोळीनं थांबणारं दुखणं नव्हतं. धाकट्या जावेला, शालूला, कुणी 'सरपंचबाई' अशी हाक मारली की ते उठायचं. हाक मारणारा वळणाआड गेला तरी हिचं दुखणं काही बसायचं नाही.

आता नर्मदाबाई कुणी ऐरीगैरी बाई होती का? छे! करंजमाळ म्हणजे एका ग्रामपंचायतीत बांधलेली दोन गावं. खाली ओढ्याकाठी काळ्या रानाचं, जमीनदारांचं गाव. वर मुरमाड माळावर मेंढरंवाल्यांची वस्ती. कचेरी खाली, शाळा खाली, नळ खाली. वर काय, तर वारा. सरपंचही कायम खालचाच. पण काळ्या रानाला खत लागतं, आणि पिकं निघाली की रात्री मेंढरं रानात बसवली तर त्यासारखं खत नाही. नर्मदाबाईचा नवरा आणि शालूचा नवरा, दोघा भावांचा कळप एकच होता आणि माळावर सगळ्यात मोठा होता. नवरा येडबा मुलखाचा गरीब, त्याच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे दगडातून पाणी काढणं. तेव्हा कळप कुणाच्या रानात बसवायचा हे ठरवायची नर्मदाबाई. चार बैलजोड्यांचे मालक तिच्या दारात उभे राहायचे. "नर्मदाबाई, औंदा आमच्या रानात कवा?" ती चुलीपुढून न उठता सांगायची, "बघू." त्या एका 'बघू'वर तिनं वीस वर्षं माळावर राज्य केलं.

वालूरच्या बापाची ही थोरली लेक, माळावर आली तेव्हा पोरगेलीच होती. आधी दोन लेकी झाल्या. सासू तोंड फिरवून बसली. मग तिसरा महारुद्र झाला आणि बाईनं वस्तीला बोकड चारला. तिथून जी मान ताठ झाली ती झालीच. धाकट्या शालूला दिपाली ही एकच लेक. पुढं काही आजार निघाला आणि शालूची पिशवीच काढावी लागली. नर्मदाबाईला आयतं कोलीत मिळालं. कुणाचं बारसं असो, कुणाची पाचवी असो, चार बायका जमल्या की हिचं सुरू: "आमच्या शालूचं दुकान एका पोरीवरच बंद झालं, बया." बायका हसायच्या. शालू पाळण्याची दोरी ओढत राहायची.

आणि एका साली आरक्षणाची चिठ्ठी निघाली. सरपंचपद ओबीसी महिलेला सुटलं! माळावर हलगी वाजली. मेंढरंवाल्यांची मतं एकत्र पडली तर खालच्यांचं काही चालणार नव्हतं, आणि नाव तर एकच होतं. नर्मदाबाईनं परभणीहून जरीच्या काठाची साडी आणवली. खालचे माणिकराव तीन खेपा सरपंच राहिलेले, तेसुद्धा वाटेत भेटले तर हसून म्हणाले, "या आता कचेरीत, मालकीणबाई."

अर्ज भरायला सगळा गोतावळा टेम्पोतून गेला. शालू पिशवी धरायला म्हणून सोबत होती. अर्ज लिहिणाऱ्यानं मान खाली घालून विचारलं, "लेकरं किती?"

"तीन!" नर्मदाबाई छाती काढून म्हणाली. "दोन पोरी अन् तिसरा माझा महारुद्र. वाघावानी पोरगं हाय."

त्यानं पेन टेबलावर ठेवला. "मग जमत न्हाई, मावशी. दोनच्या वर लेकरं असली की उभं राहता येत न्हाई. कायदा हाय."

"आवं, पण पोरगं हाय ते!"

"पोरगं असू द्या न्हाई तर पोरगी. तीन म्हंजी तीन."

मग हळूच एकाची नजर मागं गेली, दुसऱ्याची गेली, आणि बघता बघता सगळी माणसं पिशवी धरून उभ्या असलेल्या शालूकडं बघायला लागली. एकच लेक. कायद्याला हवी तशी.

शालू निवडून आली. जरीची साडी पेटीत गेली आणि नर्मदाबाईच्या अंगाचा जो तिळपापड सुरू झाला, तो काही थांबला नाही. लोक तिच्या दारावरून पुढं जायचे आणि शालूच्या ओट्यावर बसायचे. काळ्या रानाचे मालक आता "मेंढरं कवा" हे विचारायच्या आधी "सरपंचबाई हायत का घरी" असं विचारायचे. शालूनं थोडा जरी रुबाब केला असता ना, तरी बरं झालं असतं, बाईला निदान भांडता आलं असतं. पण ही मेली सकाळी आधी शेळ्यांची धार काढायची, सणावाराला वाकून पाया पडायची आणि रोज विचारायची, "आक्का, जाऊ का कचेरीत?" विचारायची! नर्मदाबाईनं काय 'नको' म्हणावं?

दोन वर्षांत शालूनं माळावर नळ आणला. वस्तीतल्या बायका पहिल्या धारेला हळदीकुंकू वाहायला धावल्या. नर्मदाबाई कळशी घेऊन उलट्या दिशेनं जुन्या विहिरीकडं गेली. उन्हाळाभर जात राहिली. गुडघे कुरकुरायचे, पण जावेच्या नळाचं पाणी घशाखाली उतरायचं नाही.

एक वेळ हेही सोसलं असतं. पण महारुद्र! ज्याच्यासाठी देवाला नवस केले, तो वाघासारखा पोरगा काकूच्या मागं लागलेला. काकूला गाडीवर बसवून परभणीला जायलाय, काकूचे कागद लिहायलाय, काकूचा फोटो मोबाईलवर लावायलाय. जेवताना तोंडात घास कमी आणि काकू जास्त. "आई, काकूनं आज सायबाला असं गप केलं!" नर्मदाबाई भाकरी तव्यावर आपटायची. खुर्ची गेली ती गेली, आता लेकरूही त्याच वाटेनं चाललेलं. तिला रात्री झोप लागेना. कूस बदलून बदलून बाई बेजार झाली.

माणिकरावांना हा धूर लांबून दिसला. खालच्या सदस्यांनी त्यांच्या सांगण्यावरून शालूवर अविश्वास आणला होता. आता विशेष ग्रामसभेत गावानं मत द्यायचं होतं. ते आपणहून माळ चढून आले आणि नर्मदाबाईच्या बाजेवर बसले. "वस्ती अजून तुमच्या शबूदात हाय, नर्मदाबाई. सभेत दोन वाक्यं बोला. घरची जाऊच बोलली म्हणल्यावर लोक तिच्यामागं कामून थांबतील?"

"बघू," नर्मदाबाई म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती हे बोलली आणि तिला लय बरं वाटलं.

मारुतीच्या देवळापुढं सभा भरली. वरचे, खालचे, सगळे आलेले. एका बाजूला खुर्चीवर शालू, शेजारी उभा महारुद्र. नर्मदाबाई उठली. पदर खोचला. "हिला कारभार कळत न्हाई," ती म्हणाली. "हिसाबात घोळ हाय. गावाची इज्जत चालली."

"काय घोळ हाय?" कुणीतरी विचारलं.

आता काय घोळ हाय हे तिला कुठं ठाऊक! ती माणिकरावांकडं बघायला लागली. ते आभाळाकडं बघायला लागले.

महारुद्र पुढं आला. लाजेनं त्याचे कान लाल झाले होते. "आई, हिसाब मीच लिवतो. कुठं चुकला ते सांग. न्हाई तर बस खाली. कामून तमाशा करायलीस?"

पोटचा पोरगा! भर सभेत! त्या खुर्चीशेजारी उभं राहून! नर्मदाबाईनं दोन वर्षं दातांत धरलेलं सगळं एकदम बाहेर पडलं.

"तू मला बस म्हणतूस? तुझ्यामुळंच बसलेय मी घरी! तू झाला नसतास तर त्या खुर्चीत आज मी असते!"

बोकड चारला होता तो याच पोरापायी, हे तिथल्या अर्ध्या लोकांना आठवत होतं. महारुद्र आईकडं बघत राहिला. मग त्यानं हातातले कागद काकूच्या मांडीवर ठेवले आणि तो देवळामागनं निघून गेला.

मतं पडली. शालूची खुर्ची राहिली. माणिकराव कुणाला रामराम न घालता घरी गेले, आणि नर्मदाबाई एकटीच माळ चढली.

दिवस मावळला तरी महारुद्र आला नाही. येडबा दोनदा दारात येऊन बघून गेला. त्यानं बायकोला काही विचारलं नाही, आणि आज त्याचं न बोलणं तिला टोचत होतं. कालवण थंड झालं. भिंतीपलीकडं शालूच्या घरात भांडं वाजलं आणि मग लेकाचा आवाज आला. म्हणजे होता तिथंच होता. नर्मदाबाई भिंतीला कान लावून उभी राहिली. लाजही वाटत होती आणि हलवतही नव्हतं.

"न्हाई जाणार," महारुद्र म्हणत होता. "हितंच झोपतो."

"उठ." शालूचा आवाज चढलेला तिनं कधी ऐकलाच नव्हता. "आई हाय ती तुझी. माझ्या घरात तुला आज भाकर न्हाई. जा म्हणते ना!"

थोड्या वेळानं महारुद्र दारात आला. हातपाय धुऊन ताटावर बसला. नर्मदाबाईनं वाढलं, कालवण पुन्हा ऊन केलं, तूप घातलं. "अजून घे," ती म्हणाली. त्यानं घेतलं. "उलिशी भाकर?" तीही घेतली. मान काही वर केली नाही.

"बाबा, रागात बोलले मी," ती म्हणाली. "तू आलास, लय बरं झालं."

"काकूनं धाडलं," महारुद्र म्हणाला आणि खाली बघून जेवत राहिला.