झाकलेला ड्रॅगन

संग्रहालयात चीनच्या सम्राटाचा समारंभाचा रेशमी झगा मांडला होता. घेरावर भरतकामात समुद्राच्या लाटा, त्यातून वर आलेले डोंगर, त्यावर ढगांतले ड्रॅगन. जणू अख्खं जग अंगावर घालायचं. एक ड्रॅगन मात्र झग्याच्या एकावर एक येणाऱ्या पुढच्या पदराखाली, नेहमी झाकलेला. पदर जरा उचलून ठेवला होता, म्हणून दिसला.

आई काचेशी वाकली. "याचेही डोळे किती निगुतीनं भरलेत," ती म्हणाली. "कोण बघणार होतं?"

मला शाळेतला माझा लोकरीचा कोट आठवला. तो टोचायचा, म्हणून तिनं आतून स्वतःच्या मऊ साडीचं अस्तर लावलं होतं. कोट सगळ्यांनी पाहिला. अस्तर फक्त माझ्या पाठीला माहीत होतं. इतक्या वर्षांनी तिला तसं सांगितलं.

"कसलं अस्तर?" म्हणत ती पुन्हा ड्रॅगन बघू लागली.