खणातला राजीनामा

पंधरा वर्षं मी एकच वाक्य बोलत आलो. "हप्ते आहेत म्हणून, नाहीतर ही नोकरी केव्हाच शेठच्या तोंडावर मारली असती." घरी बोललो, ऑफिसात बोललो, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला जिलबी संपेपर्यंत ऐकवलं. एकदा तर दाताच्या डॉक्टरकडे, तोंडात कापसाचे बोळे असताना बोललो. डॉक्टरांना शब्द कळले नसावेत, पण त्यांनी मान हलवली. त्यांचेही हप्ते असणार.

हप्ते म्हणजे इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटचे. नोकरी म्हणजे द्वारका चौकात एका ट्रान्सपोर्ट कंपनीत हेडक्लार्क. मालाच्या पावत्या करायच्या, ड्रायव्हरांचे फोन घ्यायचे, आणि ट्रक नक्की कुठे अडकलाय हे सोडून बाकी सगळं गिऱ्हाइकाला सांगायचं. मालकाला आम्ही शेठ म्हणतो. शेठचा आवाज मोठा आहे आणि केबिनचं दार बंद होत नाही. एवढंच माझं दुःख, पण मी ते बैलगाडीभर करून सांगायचो.

राजीनामा तर मी कर्ज घेतलं त्याच वर्षी लिहिला होता. शेठने एका ड्रायव्हरसमोर मला झापलं, त्या संध्याकाळी. पहिला मसुदा तीन पानांचा होता आणि त्यात शेठच्या खानदानाचा उद्धार होता. पुढे दर दिवाळीला, बोनसचं पाकीट उघडून झालं की मी तो काढायचो आणि नव्याने लिहायचो. तीन पानांचं एक पान झालं, एका पानाच्या आठ ओळी. शिव्या गेल्या, "आपल्या सहकार्याबद्दल ऋणी आहे" आलं. माझं अक्षर चांगलं आहे, हे मीच सांगतो, दुसरं कुणी सांगत नाही. घरच्या टेबलाच्या खणात, लाइट बिलांच्या खाली तो कागद मी जपून ठेवला होता, आणि खाली तारखेची जागा तेवढी मोकळी.

नोकरी सोडून करणार काय, तेही ठरलेलं होतं. बायकोचं माहेर पेठकडच्या डोंगरात. तिथे मेव्हण्याच्या शेजारी तुकडा घेऊन नाचणी पिकवणार. मला नाचणी भाकरीच्या रूपात ओळखता येते. शेतात उभी असेल तर गवत कुठलं नि नाचणी कुठली, देव जाणे. एकदा भाताच्या आवणीला, रोपं लावायला, हौसेने गेलो होतो, तर पहिल्याच पावलाला चप्पल चिखलात गेली. मेव्हण्याने ती कोपरापर्यंत हात घालून काढून दिली आणि मला बांधावर बसवलं. माझा शेतीतला अनुभव तो एवढाच. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, त्याला काय पैसे पडतात?

हे सगळं ऐकायला घरात हक्काचं माणूस होतं. हप्त्याला हातभार म्हणून बायको कर्जाच्या पहिल्याच वर्षी मेन रोडवरच्या एका साडीच्या दुकानात लागली. ती आठ-सव्वाआठला घरी यायची, एका टबात गरम पाणी घ्यायची, त्यात मूठभर मीठ टाकायची आणि पाय सोडून बसायची. समोर सोफ्यावर मी. तिचे पाय पाण्यात आणि माझं पुराण सुरू. आज शेठ काय म्हणाला, मग मी मनात काय म्हणालो, सगळं साग्रसंगीत. ती मधूनच "हो का?" म्हणायची. किती मन लावून ऐकते बिचारी, असं मला वाटायचं. टबात पाय असलेल्या माणसाला उठून जाता येत नाही, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

तर गेल्या श्रावणातल्या एका रविवारी पोह्यांच्या बशीबरोबर तिने माझ्यासमोर एक पिवळं पाकीट ठेवलं. मला वाटलं, सोसायटीची नोटीस. आत बँकेचं पत्र होतं. कर्ज पूर्ण फिटलं, येणं बाकी काही नाही, घराचे मूळ कागद घेऊन जा.

"अगं, अजून एकोणीस हप्ते आहेत," मी म्हणालो.

"भरले एकदम. दोन भिश्या लागल्या, आणि दुकानातलं कमिशन साठलं होतं ते."

"आणि माझी सही?"

"केवायसी म्हणून घेतली होती. वाचलंत कुठे?"

ऑफिसातल्या पोरांना "सही करण्याआधी वाचा रे" म्हणून शिकवणारा तो मीच. पण त्या क्षणी डोळे भरून आले. ती पदराला हात पुसत म्हणाली, "आता द्या तो राजीनामा. सुटा एकदाचे."

पहिले तीन-चार दिवस मी जमिनीवर नव्हतो. बँकेतून कागद घेऊन निघालो तर इंदिरानगरच्या बोगद्यात अर्धा तास अडकलो आणि चक्क हॉर्न वाजवला नाही. रात्री उठून पाणी प्यायला गेलो तर स्वयंपाकघराच्या भिंतीवर हात ठेवून बघितला. ही आपली, पलीकडची पण आपली, गळणारा नळसुद्धा पूर्णपणे आपला. ऑफिसात पेढे वाटले आणि पेढ्यागणिक उपदेश केला. अंथरूण पाहून पाय पसरावेत, कर्जासारखा शत्रू नाही. जणू काही ते मीच फेडलं होतं. एक पोरगा मोबाइलच्या हप्त्यावर होता, त्याला मी इतकं पिडलं की तो जेवायच्या सुट्टीत गेटबाहेर जाऊन डबा खायला लागला.

मग सात तारीख आली. पंधरा वर्षं सात तारखेला सकाळी फोनवर हप्ता कापल्याचा मेसेज यायचा आणि मी एक शिवी देऊन दिवस सुरू करायचो. त्या दिवशी मेसेज आला नाही. फोन तीनदा बघितला. ऑफिसात शेठ ओरडला, आणि सवयीने मी म्हणायला गेलो, "हप्ते आहेत म्हणून..." आणि तिथेच थांबलो. पुढे काय म्हणणार? हप्ते नव्हते. आता मी रोज त्या खुर्चीत माझ्या मर्जीने बसत होतो. मला भीती वाटली.

घरी रोजचा प्रश्न सुरू झाला. "कधी देताय?"

"थांब, शेठचं बीपी वाढलंय."

"आता?"

"अगं, पितृपक्षात कुणी नवं काम करतं का?"

"राजीनामा नवं काम कुठेय? जुनं बंद करायचंय."

मग नवरात्र, मग दिवाळीचा सीझन, गाड्या भरभरून चालल्यात, अशा वेळी कसं सोडायचं? मेव्हण्याचा फोन आला, "दाजी, कवा येता? पडवी सारवून ठेवलीय." माझ्यासाठी पडवी सारवली! बांधावर बसणाऱ्या माणसासाठी! मी म्हटलं, येतो, येतो, आणि फोन ठेवून घाम पुसला.

शेवटी दिवाळी झाल्यावर एका शुक्रवारी तिनेच तो कागद खणातून काढला, तारीख घालायला लावली आणि माझ्या शर्टच्या खिशात घडी करून ठेवला. "आज येताना मोकळे होऊन या," म्हणाली. त्या दिवशी सकाळपासून मी चारदा केबिनपर्यंत गेलो. पाचव्यांदा शेठनेच हाक मारली.

"काय हो, सारखे घुटमळताय? बोला."

मी खिशावर हात ठेवला. तोंड उघडलं. आणि म्हणालो, "शेठ, माझ्या डोक्यावरचा पंखा फार हळू फिरतो."

शेठने तिथल्या तिथे इलेक्ट्रिशियनला फोन लावला. "बावीस वर्षांत पहिल्यांदा काही मागताय," असं म्हणून चहा मागवला. तासाभरात पंखा असा गरगरला की पावत्या उडायला लागल्या. त्याच दुपारी धुळ्याकडे बंद पडलेली एक गाडी मी दोन फोनांत मार्गी लावली, ड्रायव्हर "साहेब, तुम्ही होता म्हणून" म्हणाला, आणि मला इतकं बरं वाटलं की खिशात काय आहे ते विसरूनच गेलो.

आठवण झाली ती घरी. शर्ट धुवायला टाकला होता आणि तिने नेहमीसारखे खिसे तपासले. ती टबात पाय सोडून बसली होती. तो कागद, घामाने मऊ पडलेला, तिच्या मांडीवर.

"दिला नाहीत."

"नाही."

"देणार आहात?"

मी बीपी, सीझन, लग्नसराई असं सगळं मनातल्या मनात चाळलं. आणि माझ्या तोंडून निघालं, "नाही. मला आवडते ती नोकरी."

पंधरा वर्षांतलं माझं नोकरीबद्दलचं ते पहिलं खरं वाक्य.

"मग इतकी वर्षं ते काय होतं?"

"बोलायला बरं वाटायचं."

आता ती चिडली. ती चिडली की आवाज चढत नाही, खाली येतो. "मला वाटायचं तुम्ही खरंच कुढताय. शंभर साड्या उलगडायच्या, बाई एकही न घेता जायची, शंभर घड्या घालायच्या. घडी घालताना मी म्हणायचे, ह्यांचा एक दिवस कमी झाला. ह्यांचा! आणि तुम्हाला बोलायला बरं वाटायचं? पंधरा वर्षांत एकदा तरी विचारलंत, मला काय सोडायचंय ते?"

मी खाली बघितलं. घोटे सुजलेले होते, पिंढरीवर निळ्या शिरा गाठी होऊन वर आल्या होत्या. रोज डोळ्यांसमोर होते ते पाय. मला लाज वाटली, इतकी की सोफ्यावर बसवेना. मी उठून खाली जमिनीवर बसलो.

"काय सोडायचंय?" मी विचारलं.

"उभं राहणं," ती म्हणाली. "दुकानात बसायला स्टूल नाही. गिऱ्हाईक नसलं तरी उभं."

हप्ता नाही म्हणजे एका पगारात आमचं भागतं. हे तिने तिथेच बोटांवर मोजून दाखवलं. कर्ज फिटून तीन महिने झाले होते आणि मला हे सुचलं नव्हतं.

मग तिने पाय पुसले आणि तो कागद माझ्या हातात दिला. "अक्षर चांगलं आहे तुमचं. आठ ओळी तयारच आहेत, वाया कशाला घालवायच्या? माझ्या नावाने उतरवून द्या."

मी उतरवून दिला. बावीस वर्षांची पंधरा वर्षं केली, नावं नि तारीख बदलली, बाकी काना-मात्राही बदलावा लागला नाही.

सोमवारी ती घरी परतली तेव्हा मी टबात पाणी काढून ठेवलं होतं. ती त्याच्याकडे न बघता खुर्चीत बसली, आणि दुकानातली हकिकत मला सांगायला लागली. मी "हो का?" म्हणत ऐकत होतो. मालकाने राजीनामा दोनदा वाचला म्हणे. म्हणाला, "वा, काय सुरेख लिहिलाय. कुणाकडून लिहून घेतला?"

"आमच्या ह्यांच्याकडून," ती म्हणाली होती. "पंधरा वर्षं लागली त्यांना."