वांगी वगळून

अख्ख्या जळगावात कायद्याला मार्क देणारा माणूस एकच, आणि तो आमच्या भिंतीला भिंत लावून राहतो. कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले हे आबा. ज्या सज्ञान माणसांना आपले निर्णय घेता येत नाहीत, त्यांच्या पालकत्वाचा कायदा त्यांनी कलमागणिक तपासलाय. शेजारच्या राज्यांचे नियमसुद्धा मागवून. समासात लाल पेन्सिलीचे शेरे: 'ठीक', 'घाईत लिहिलंय', 'दहापैकी चार'. कलम संपल्याशिवाय चहाच्या कपाला हात नाही.

या सगळ्या खटाटोपामागं त्यांचा धाकटा भाऊ बाळू. साठी उलटली, पण सही, वेळ, रस्ता यातलं काही त्याला जमत नाही. आबा अठ्ठ्याहत्तरचे, दोघांना तिसरं कोणी नाही. आपल्यामागं बाळूचं कोण, हे आबांना कागदावर पक्कं करायचं होतं, आणि पालक म्हणून त्यांनी माझं नाव सुचवलं होतं.

गाडी अडली ती वांग्यांवर. भरिताची वांगी बाळूच निवडतो. एकेक उचलणार, दाबणार, कानाशी नेणार. त्यानं परत ठेवलेल्या वांग्यात हमखास बिया निघतात. टायपिस्टनं प्रतिज्ञापत्रात 'कोणताही निर्णय घेण्यास असमर्थ' असं छापलं आणि आबांनी पुढं शाईनं लिहिलं, 'वांगी वगळून'. वकिलांनी कपाळाला हात लावला. तीनदा कागद नवा केला, तीनदा आबांनी तेच लिहिलं. मी वैतागलोच.

"आबा, उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर? वांग्यापायी याला वाऱ्यावर सोडणार का?"

"आणि शपथेवर खोटं लिहू? याले समजस रे, जेवढं समजस तेवढं."

शेवटी तो कागद तसाच घेऊन पालक नेमणाऱ्या समितीपुढं गेलो. बाळूचा बाजार चुकत नाही म्हणून वांग्यांच्या पिशवीसकट. समितीच्या साहेबांनी ती ओळ दोनदा वाचली आणि म्हणाले, "असं करा, कशाकशात मदत लागते तेवढंच लिहा." मग त्यांनी बाळूलाच विचारलं, "बाळूभाऊ, आबा नसले तर कोणाकडं राहाल?"

बाळूनं पिशवीत हात घातला, बराच वेळ चाचपलं, आणि सगळ्यात चांगलं वांगं काढून माझ्या हातात दिलं. "हाई तुले," म्हणाला. आबा खिडकीकडं तोंड करून उभे राहिले.

आता आबांना बाजारापर्यंत चालवत नाही. मी आणि बाळू जातो. मी पिशवीत टाकलेलं वांगं तो मुकाट्यानं काढून परत ठेवतो. त्याचा पालक मी आहे, हे त्याला अजून कोणी सांगितलेलं नाही.