मामाचं ओलं फडकं

माझा मामा आता आडवा होऊन झोपतो. हे आधीच सांगून टाकतो. वाचणाऱ्याला टांगून ठेवायची मला सवय नाही; चळवळीची पत्रकं लिहून लिहून हात असा झालाय की मुख्य गोष्ट पहिल्या ओळीत आलीच पाहिजे, कारण दुसरी ओळ लोक वाचतीलच याचा भरवसा नसतो. तर मामा आडवा झोपतो, घोरतो, आणि त्याच्या घोरण्याला माझी माय शिव्या घालते. त्या शिव्या ऐकून मला इतकं बरं वाटतं की मी मध्ये पडत नाही.

त्याआधीचे काही हंगाम तो बसून झोपायचा. भिंतीला पाठ, गुडघ्यावर उशी, उशीवर कपाळ. श्वास आत जाताना बारीक शिट्टी वाजायची. माय चुलीपुढून विचारायची, "दादा, चहा देऊ का?" तो नुसता हात हलवायचा. बोलायला लागणारा वारासुद्धा तो राखून ठेवत होता.

मामा घाटंजीच्या एका जिनात, कापसाच्या कारखान्यात, रेच्यावर होता. रेचा म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणारं यंत्र. अशा यंत्रांची लांबच लांब रांग, त्यापुढे बाया-माणसं उभी, हातानं कापूस टाकत राहायचं. वर पत्रे, खिडक्या नावाला, आणि त्याही बंद. का तर रुई उडून जाते! रुई उडू नये म्हणून माणसांनी ती गिळायची. संध्याकाळी सुटल्यावर सगळे सारखेच दिसत, भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या. जवान पोरं अंग झटकून बाजाराकडे निघून जात. ज्यांची उमर त्या रांगेत गेली ती म्हातारी माणसं गेटबाहेर उकिडवी बसून आधी खोकून घेत, मग घरी जात. विचारलं की म्हणत, दमा आहे, वय झालं. वय! त्याच वयाची, वावरात राबणारी माणसं मी रोज पाहत होतो. त्यांच्या छातीत शिट्ट्या वाजत नव्हत्या.

मी त्याला यवतमाळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पाठीला नळी लावली.

"कामाला कुठे?"

"जिनात."

"ते सोडावं लागेल."

मामाला हसू आलं, हसण्यातून खोकला आला, खोकला थांबल्यावर तो म्हणाला, "सोडतो ना जी. मंग जेवाले तुमच्या घरी येऊ का?"

डॉक्टर भले होते, रागावले नाहीत. म्हणाले, "बरं, मग निदान फडकं ओलं करून नाकातोंडावर घट्ट बांधत जा. वाळलं की पुन्हा भिजवा. पुष्कळ फरक पडेल."

मामाचं हसणं तिथेच बंद झालं. एसटीच्या फाट्याशी त्यानं मला थांबवलं. मग म्हणाला, "गोळ्या खाईन. फडकं नाई बांधणार."

"काहून?"

"तुले मालूम हाये काहून."

मला मालूम होतं. मामा मूळचा फुलसावंगीकडच्या एका गावचा. तिथे तो गावकी करायचा: सांगावे पोचवणं, मेलेलं ढोर ओढणं, पाटलाच्या ओट्याखाली उभं राहणं. पाटलाशी बोलताना पटक्याचा सोगा तोंडावर धरावा लागे, याचा श्वास त्यांना लागू नये म्हणून. अर्धं आयुष्य तो माणूस कापडातून बोलला! छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आला, तो सरळ त्या ओट्यापुढे गेला आणि उघड्या तोंडानं सांगितलं, आता हे काम होणार नाही. मग गाव सोडून आमच्याकडे आला आणि जिनात लागला. तेव्हापासून त्याच्या तोंडावर कापड आलेलं नाही. थंडीतसुद्धा तो मफलर कानापुरताच गुंडाळायचा.

मी समजावू लागलो, तर माझंच हत्यार त्यानं माझ्यावर उगारलं. "तुह्या पत्रकात काय लिवलं होतं? आता कोनापुढं तोंडावर हात नाई, फडकं नाई! मले पाठ हाये. आता मलेच फडकं बांध म्हनतं?"

"मामा, ते पाटलासाठी होतं. हे रुईसाठी आहे."

"अन् रेच्यापुढं उभा कोन राह्यते? मुकादम. थो कोनाचा? पाटलाच्याच जातीचा. त्याच्यासमोर मी तोंड झाकून उभा राहू? थो बांधन तवा मी बांधीन."

मी चिडलो. मनात म्हटलं, मरशील, पण ऐकायचा नाहीस. आणि त्याच क्षणी त्याचा अभिमानही वाटला. अशा वेळी काय करावं हे कुठल्याच पत्रकात लिहिलेलं नसतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी मुकादमाला गाठलं. तोही म्हातारा, मामाच्याच उमरीचा. गालात कायम काहीतरी धरलेलं. मला वाटे सुपारी. मी सभेत बोलावं तसं सुरू केलं. खिडक्या उघडा, पंखे बसवा, म्हाताऱ्यांना बाहेर हवेशीर काम द्या, डॉक्टरांनी मामाला ओलं फडकं बांधायला सांगितलंय, कामगार म्हणजे रेच्यात घालायचा कापूस नव्हे...

"हळू बोल बे," त्यानं माझा दंड धरला आणि कापसाच्या गंजीमागे नेलं. तिथे त्यानं गालातला गुळाचा खडा हातावर काढला आणि खोकला. किती वेळ खोकला! डोळ्यांतून पाणी. शिट्टी तीच होती, घरी मामाची ऐकत होतो ती.

खडा परत गालात टाकून तो म्हणाला, "गुळानं दबते जरासा. मांगल्या हंगामात तेल घालणाऱ्या बुढ्याले मालकानं खोकलताना पाह्यलं. म्हने, आता आराम करा. आराम! मंग गेटातून आत नाई घेतला त्याले. तुह्या मामाले फडकं बांधाले लावतं? फडकं बांधलं की सारा जिन म्हनन, हा बिमार हाये. मंग त्याचाही आराम."

म्हणजे एकाला फडक्यात पाटील दिसत होता आणि दुसऱ्याला गेट. दोघंही बरोबर होते, आणि दोघंही त्या बरोबर असण्यापायी घुसमटत होते. मला आलेला राग कोणावर काढावा ते कळेना. मालक तर तिथे नव्हताच; तो गादीवर, वाऱ्याला.

"मुकादम," मी म्हणालो, "साऱ्यांनीच बांधलं तर? जवान, म्हातारे, बाया, सगळ्यांनी. एकाच दिवशी. मग बिमार कोण ते कोण ओळखणार?"

त्यानं गंजीआडून रेच्यांच्या रांगेकडे पाहिलं. "अन् पह्यलं कोन बांधन?"

"तुम्ही."

"मी?"

"तुम्ही बांधल्याशिवाय माझा मामा बांधणार नाही." आणि का नाही, तेही सांगून टाकलं. सगळं. सोगा, ओटा, श्वास. लपवायचं कशाला? माझं बोलणं होईस्तोवर त्यानं मान वर केली नाही. मग गुळाचा खडा एका गालातून दुसऱ्या गालात नेला. "आमच्या ओट्यापुढंही असेच उभे राह्यत," एवढंच म्हणाला आणि भोंगा झाला म्हणून गेला.

मी त्या आठवड्यात पत्रक काढलं नाही. घरोघर फिरलो. आमच्या वस्तीत फारसं सांगावं लागलं नाही. तांड्यावरून येणारी एक बाई मामाच्या शेजारच्या रेच्यावर होती. ती तर हसायलाच लागली. "आमच्या तोंडावर जलमाची ओढनी. रुई आली की दातात धरतो. मंग तुमचे मानसं आता आमच्यासारखे लाजनार म्हना!"

ठरल्या दिवशी मामाचा डबा द्यायच्या निमित्तानं मी गेटाच्या आत, पाण्याच्या टाकीजवळ उभा होतो. मुकादम आला. खांद्यावरचा दुपट्टा टाकीत बुडवला, पिळला आणि नाकातोंडावर बांधून मागे गाठ मारली. कोणाकडे पाहिलं नाही. मग सरळ मामाच्या रेच्यापुढे जाऊन उभा राहिला आणि त्या ओल्या कापडातून म्हणाला, "चला, दादा. सुरू करा."

दादा! त्या जिनात मामाला बुढ्या म्हणत, अरे म्हणत, कधी नुसती शिट्टी मारत.

मामानं त्याच्याकडे नीट पाहून घेतलं. मग कनवटीचं फडकं काढलं. म्हणजे आणलं होतं त्यानं! घरून निघताना "बांधणार नाई, बांधणार नाई" म्हणत होता आणि फडकं कनवटीला! टाकीशी येऊन भिजवलं, बांधलं. शेजारची बाई ओरडली, "मामा, मस्त दिसून राह्यले! आता पाव्हणे पाह्यले येतीन तुमाले!" सगळी रांग हसली आणि हसता हसता गाठी मारू लागली.

दुपारी मालक आला. दारातच थबकला. "हे काय? दरोडेखोरांची टोळी?"

माझ्या तोंडात जाब तयार होता. मुकादमानं मला बोलूच दिलं नाही. "मालक, रुईत पानाची थुकी पडत नाई यानं. माल साफ राह्यते."

मालकानं मूठभर रुई उचलली, उजेडात धरली, खूश झाला. "असंच करत जा," म्हणाला. माणसाच्या छातीसाठी मागितलं असतं तर मिळालं नसतं. मालाच्या सफाईसाठी लगेच मिळालं. हे मी विसरणार नाही, आणि खिडक्या अजून बंदच आहेत हेही नाही. पण त्या संध्याकाळी गेटबाहेर उकिडवं बसायला फारसं कोणी थांबलं नाही. मुकादमानं पुढे उन्हात कापूस पसरायचं काम निघालं की म्हाताऱ्यांना बाहेर पाठवायला सुरुवात केली. स्वतःही निमित्त काढून बाहेर जायचा. गूळ मात्र सुटला नाही. म्हणे आता आवडते.

मामा पूर्ण बरा झालेला नाही, होणारही नाही. ढग दाटले की छाती भरते. पण एका रात्री मायला जाग आली, तर भिंतीपाशी उशी रिकामी. ती घाबरली. पाहते तर तो सतरंजीवर उताणा, हातपाय पसरून. तिनं मला हलवून उठवलं आणि नुसतं बोट दाखवलं.

मागच्या बाजारच्या दिवशीची गोष्ट. अर्धा दिवस जिन बंद होता, दुपारून चालू होणार होता. मी आणि मामा बाजारातून तिकडेच निघालो होतो; फडकं त्याच्या गळ्यात लोंबत होतं. मिरचीच्या ढिगापाशी हाक आली, "काय रे, वळखलं का?" मामाच्या जुन्या गावचे, त्याच ओट्याचे पाटील. थकले होते, काठी टेकत होते.

मामानं गळ्यातलं फडकं सोडलं आणि न पाहता माझ्या हातात दिलं. मग उघड्या तोंडानं, त्यांच्या अगदी जवळ जाऊन म्हणाला, "वळखलं ना. कशी हाये तब्येत?"

दोघं पीकपाण्याचं, गुडघ्यांचं बोलले. मिरचीच्या खकाण्यानं मामाला खोकला आला. तो त्यानं मान वळवून, सावकाश खोकला. पाटलांनी चहाचं विचारलं. "आता नाई, भोंगा होईन," म्हणून आम्ही निघालो.

गेटाशी टाकीजवळ आल्यावर मामानं माझ्यापुढे हात केला.

"आण बे. भिजव अन् आण."